दुधाच्या खाड्याशेजारी गटाचं काम

दुधाचा खाडा कॅलेंडरवर मांडत नाही, असं घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. सिलेंडर कधी लावला, कुणाला किती उसने दिले, सगळं त्या चौकोनात. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय, म्हणजे आपल्या आयांनीही हेच केलं. मग गटाच्या धंद्याचं काम तेवढं डोक्यात का ठेवायचं?

आमचंच सांगते. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंती, लगेच संक्रांत. तिळाच्या लाडवांना याहून चांगला मोका नाही. मागच्या वर्षी ४० किलो लाडू करायचं ठरलं आणि कॅलेंडरवर फक्त १२ तारखेला गोल केला. ११ च्या संध्याकाळी लाडू तयार, पण लेबलंच नाहीत! हिला वाटलं तिने छापायला टाकली, तिला वाटलं हिने. अर्धा माल सुटा, पडत्या भावात विकला. कर्जाचा हप्ता बचतीतून भरावा लागला. पुढच्या दोन बैठका नुसती भांडणं.

यंदा १२ तारखेपासून उलटं मोजलं. ११ ला पॅकिंग, ९ आणि १० ला तीळ भाजून लाडू वळणं, ५ आणि ६ ला तीळ निवडणं, २ ला खरेदी. लेबलं २० डिसेंबरलाच छापायला; पॅकिंगच्या तारखेची जागा मोकळी ठेवली, तिथे नंतर शिक्का. आणि हे सगळं लिहिण्याआधी बाजाराचे दिवस, तुरीची सोंगणी, घरची लग्नं मांडली. ज्या दिवशी बाई येऊच शकत नाही, त्या दिवशी तिचं नाव लिहून काय उपयोग?

प्रत्येक कामापुढे एकीचंच नाव. काम झालं की तिने स्वतः तिथे टिकली चिकटवायची, म्हणजे लिहिता न येणाऱ्या ताईही मागे राहत नाहीत. कॅलेंडर आधी अध्यक्षताईंच्या स्वयंपाकघरात होतं, तिथे कुणी बघेना. मग बैठकीच्या खोलीत दाराशी टांगलं.

६ तारखेला संध्याकाळी टिकली दिसली नाही. त्या ताईंचा मुलगा तापाने फणफणला होता, अर्धे तीळ तसेच पडलेले. आम्ही तिघी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि रात्री साडेनऊपर्यंत निवडून उठलो. एरवी हे आम्हाला ९ तारखेला, कढई चुलीवर ठेवल्यावर कळलं असतं.

लाडू लेबलासकट गेले, हप्ताही वेळेवर भरला. आता उन्हाळी पापडांसाठी मार्चचं पान काढलंय. उडीद डाळ कोण आणणार, ते सोमवारच्या बैठकीत ठरेल.