पडद्यावर आपल्याच जिल्ह्यातील माणसे



सिनेमा म्हटला की आपल्याला नटनट्या व गाणी आठवतात. पण खऱ्या माणसांच्या खऱ्या दुःखाचाही चित्रपट असतो. त्यास माहितीपट म्हणतात. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा 1995 सालचा ‘नर्मदा डायरी’ हा तसाच आहे. त्यात मणिबेलीची आदिवासी माणसे आहेत. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर मणिबेली आपल्या धुळे जिल्ह्यातच होती. सरदार सरोवरात गाव बुडणार होते, तरी ‘बुडू, पण हटणार नाही’ असे ही माणसे म्हणत.

तो चित्रपट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1979 च्या नर्मदा निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरला, म्हणून त्याला वेगळी जमीन. सज्ञान मुलीला तसे धरले नाही. शेतात राबणारी, रानातून लाकूडफाटा आणणारी तीच. पण कागदावर ती नाही!

माझी सूचना अशी, की मंडळाने दरवर्षी एक तरी माहितीपट दाखवावा. आणि घरी गेल्यावर प्रत्येकीने विचारावे, घराच्या नि शेताच्या उताऱ्यावर माझे नाव आहे का?