बाळासाठी क्रोशाचं टोपडं

बीड जिल्ह्यात लग्नाच्या रुखवतात क्रोशाचं तोरण आणि रुमाल कौतुकानं मांडले जातात. ही कला रोजच्या वापरातही यायला हवी. म्हणून आज बारशाला देता येईल असं टोपडं विणू या.

आपल्याकडचा उन्हाळा कडक, तेव्हा लोकरीऐवजी मऊ सुती दोरा घ्या. सहा साखळ्या जोडून कडं करा. प्रत्येक फेरी तीन साखळ्यांनी सुरू करा. तो पहिला खांब धरायचा. पहिल्या फेरीत एकूण 12 खांब. दुसरीत प्रत्येक खांबावर दोन, झाले 24. तिसरीत एकाआड एक खांबावर दोन, झाले 36. पुढेही दर फेरीला 12 वाढवा. चकती सपाट बसली पाहिजे. ती वाटीसारखी वळली तर खांब कमी पडले, कडेला झालर आली तर जास्त झाले.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो. चकती 11 सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं थांबवा आणि खांबावर खांब घालत कानांपर्यंत उतरा. दोऱ्याची टोकं आतून पक्की ओवा. मणी मात्र लावू नका. सुटला तर बाळाच्या तोंडात जाईल.

आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याही आजी-मावश्यांच्या हातात हे कसब आहे. मैत्रिणींनो, ते त्यांच्याकडून शिकून घ्या आणि विकायला विणाल तेव्हा मेहनतीचं मोल बिनसंकोच सांगा.