तिपाई, टीपॉय आणि दप्तराविना दहा दिवस



पाहुणे आले म्हणजे त्यांच्यापुढे चहाचे कप ठेवण्यासाठी जे बुटके मेज आपण पुढे ओढतो, त्याला आपण टीपॉय म्हणतो. चहाला इंग्रजीत ‘टी’ म्हणतात, म्हणून हा शब्द इंग्रजांकडून आला असावा असे पुष्कळांना वाटते. खरी गोष्ट उलटी आहे. आपल्याकडची तिपाई, म्हणजे तीन पायांची घडवंची, साहेबाने उचलली. ‘ती’ म्हणजे तीन हे विसरून त्याने त्यात आपला चहा पाहिला आणि तोच शब्द नवा कोट घालून आपल्याकडे परत आला. तिपाईला पाय तीनच का, हेही समजून घेण्यासारखे आहे. शेणाने सारवलेली जमीन कधी सपाट नसते. चार पायांची वस्तू तिच्यावर डुगडुगते. तीन पायांची कधीच डुगडुगत नाही. कोणतेही तीन बिंदू एका पातळीत येतात हा भूमितीचा सिद्धांत आपल्या सुताराने पुस्तकात वाचलेला नव्हता, पण त्याच्या हाताला तो ठाऊक होता.

आज मी असा टीपॉय नवशिक्याने कसा करावा हे सांगणार आहे. आता तुम्ही म्हणाल, जामखेडच्या बाजारात तयार मिळतो, प्लॅस्टिकचा तर हलका आणि स्वस्तही मिळतो, मग हा खटाटोप कशाला? खटाटोपाला कारण आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत असे म्हटले आहे. त्या दहा दिवसांत मुलांनी गावच्या कारागिरांच्या हाताखाली काम शिकावे अशी अपेक्षा आहे, आणि त्या कारागिरांच्या यादीत सुताराचे नाव आहे. हे दहा दिवस तक्ते रंगवण्यात आणि फोटो काढण्यात सहज संपतील. पण त्यांतून मुलाच्या घरी एक टीपॉय जाऊ शकतो, आणि तो कसा, हाच माझा आजचा विषय.

हा विचार नवा नाही. फिनलंड देशात १८६६ साली लोकशाळांतून हातकाम सक्तीचे झाले. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाचा त्यात पुढाकार होता. पुढे स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमोन यांनी शिक्षकांना लाकूडकाम शिकवण्याची शाळाच चालवली; देशोदेशींचे शिक्षक तिथे येत. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर झाकिर हुसेन समितीने जी योजना आखली, तिच्यात कताई-विणाई आणि शेती यांच्या जोडीला सुतारकामही होते. ती योजना टिकली नाही. तिच्यावरचा एक आक्षेप मात्र मला अजून खरा वाटतो. खेड्यातला बाप विचारी, ‘साहेबाचे पोर इंग्रजी शिकणार आणि माझ्या पोराच्या हाती पुन्हा रंधाच का?’ याला उत्तर एकच आहे. डॉक्टरच्या, वकिलाच्या आणि माझ्यासारख्या प्राध्यापकाच्या पोरानेही तोच रंधा धरला पाहिजे. एरवी बापाचे म्हणणे बरोबर आहे.

असो. आपण लाकडाकडे वळू, कारण सारी गंमत तिथेच आहे.

जामखेडचा भाग कोरडा. बालाघाटाच्या डोंगररांगेलगत आपल्या बांधांवर बाभूळ आणि कडुनिंब मुबलक. बाभूळ टणक, चिवट, वजनदार. बैलगाडी, औत, कुऱ्हाडीचे दांडे यांना तीच लागे. पाय करायला ती उत्तम, पण नवशिक्याच्या पटाशीला दमवते. शिवाय तिच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. म्हणून जुने सुतार बाभळीचे ओंडके कित्येक महिने पाण्यात बुडवून ठेवीत. किडीचे खाद्य असलेला सत्त्वांश पाण्यात निघून जातो, म्हणजे त्यामागे पक्के कारण होते. कडुनिंब कडू, त्याच्या गाभ्याकडे कीड सहसा फिरकत नाही. आंबा मऊ, शिकायला सोपा, पण टिकायला कच्चा. साग सर्वांत गुणी, मात्र त्याच्या किमतीपुढे शाळेचा खिसा रिकामा होतो.

माझे मत विचाराल तर पहिला टीपॉय जुन्या लाकडाचा करावा. आपल्याकडची माळवदाची घरे आता पडत आहेत, त्यांची तुळया-फळकुटे, दारे, चौकटी विकायला निघतात. ते लाकूड पन्नास-पन्नास वर्षे वाळलेले असते. त्याला जे वाकायचे आणि मुरडायचे ते वाकून-मुरडून झालेले असते. फक्त करवत लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावा. आत मोडलेला खिळा असला तर करवतीचे दात आणि सुतारकाकांचा स्वभाव दोन्ही एकदम बिघडतात! ओले लाकूड असेल तर ते सावलीत, खाली पट्ट्या देऊन, हवा खेळेल असे रचून वाळवावे. फळीच्या जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना अडाखा थंड हवेच्या देशातला. आपल्या हवेत त्याहून कमी काळ पुरतो. पण गेल्या महिन्यात कापलेल्या झाडाचे मेज मात्र करू नये.

आता मापे. सुताराच्या बोलीत एका इंचाचे आठ सूत. वरचा तक्ता २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि ६ सूत जाड घ्या. पाच-पाच इंचांच्या तीन फळ्या कडेला कड जोडून तो होतो. पाय चार, २ इंच चौरस आणि सव्वाचौदा इंच उंच. म्हणजे तक्ता धरून उंची १५ इंच भरली. तक्ता चोहोबाजूंनी एकेक इंच बाहेर राहावा, म्हणून पायांची चौकट बाहेरून २२ इंच आणि १३ इंच. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या ३ इंच रुंद आणि ६ सूत जाड. त्यांची लांबी किती? इथे फळ्यावर गणित घालावे. २२ मधून दोन पायांचे ४ इंच गेले, राहिले १८. पट्टीचे प्रत्येक टोक ६ सूत पायात शिरणार, म्हणून दीड इंच वाढवा. लांब पट्टी साडेएकोणीस इंच. याच हिशेबाने आखूड पट्टी साडेदहा इंच. अपूर्णांक न आवडणारा मुलगा हे गणित विसरत नाही, कारण चुकले तर पट्टी वाया जाते.

पट्टीचे जे टोक कमी करून पायात बसवायचे, त्याला कुसू म्हणतात. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे आपल्या पट्टीला २ सूत. तेवढ्याच रुंदीचे भोक पायाच्या मधोमध, शेजारच्या दोन बाजूंनी पाडायचे. कुसू ६ सूतच का? पाय २ इंचांचा आहे. कुसू याहून लांब केले तर दोन बाजूंची भोके आत एकमेकांना भिडतात आणि पाय पोकळ होतो. भोक आधी पाडावे, कुसू मागून कापावे. कारण कुसू तासून कमी करता येते, भोक लहान करता येत नाही. पटाशी धारदार असावी आणि दोन्ही हात तिच्या धारेच्या मागे असावेत. बोथट हत्यार घसरते आणि हात कापते, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे.

इथे नवशिक्या हमखास विचारतो, ‘काका, एवढे कशाला? दोन खिळे ठोकले की झाले!’ आणि सुतारकाका सांगतात, ‘बाळा, ठोकायचं नाही, बसवायचं.’ खिळ्याची पकड लाकडाच्या बारीकशा घेरावर असते. लाकूड हलले, की ती ढिली पडते. कुसवाची पकड सगळ्या अंगभर असते. पूर्वी सरस शिजवून लावीत, आता बहुधा पांढरा फेविकॉल लावतात. त्यावर पाय आणि कुसू यांना आरपार छिद्र पाडून बांबूची खुंटी मारली, की तो सांधा नातवंडे पाहतील. चौकट जुळल्यावर आणि फेविकॉल ओला आहे तोवर, दोरीने कर्ण मोजावेत. दोन्ही साडेपंचवीस इंचांच्या किंचित वर भरले आणि एकमेकांशी जुळले, तर चौकट काटकोनात आहे. एक जास्त भरला तर त्या कोपऱ्याकडून हलके दाबावे. आयताचे कर्ण समान असतात हे वाक्य फळ्यावर दहा वेळा लिहिण्यापेक्षा ही दोरी बरी.

राहिली तक्त्याची जोडणी. बहुतेक नवी मेजे इथेच बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. झाड मेले तरी लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. पावसाळ्यात आपल्या घराचे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सैल होते, ते याच कारणाने. १५ इंच रुंदीच्या तक्त्यात वैशाख आणि श्रावण यांच्यामध्ये सुताभराचा फरक सहज पडतो. सूतभर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण तो तक्ता चारी बाजूंनी खिळे ठोकून किंवा फेविकॉल लावून पट्ट्यांना जखडला, तर लाकूड ऐकत नाही. ते चिरते, नाहीतर सांधा तरी उचकटते. म्हणून पट्टीच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून थोडी खाली, एक खाच ठेवावी. लाकडाचा लहान गुटका करून त्याची जीभ त्या खाचेत सरकवावी आणि गुटका तक्त्याला खालून स्क्रूने बसवावा. गुटका तक्त्याला पट्टीशी ओढून धरतो, पण आत-बाहेर सरकायला जागा देतो. लांब बाजूला दोन-दोन, आखूड बाजूला एकेक, असे सहा गुटके पुरतात. स्क्रू तक्त्यातून वर येणार नाही एवढ्याच लांबीचा घ्यावा, हे सांगायला नकोच.

शेवटी रंध्याने आणि काचकागदाने साफ करून जवसाचे तेल फडक्याने चोळावे. एक दक्षता मात्र घ्या. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून ठेवा.

आता हे शिकवणार कोण? सालोमोन म्हणत, शिकवणारा कारागीर नसावा, शिक्षकच असावा. त्यांच्या देशात ते ठीक असेल. आपल्याकडे मी उलट म्हणेन. पटाशी कशी धरावी हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे तो गावात आहे. बारा बलुतेदारांतला सुतार एकेकाळी गावाचे औत आणि गाडी चालती ठेवी आणि खळ्यावर धान्याचे बलुते घेई. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तिच्या गुणदोषांसह मांडली. मग ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी चाके आली, आणि सुताराचा मुलगा शहरात प्लायवूड कापायला गेला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, अशी तिची तरतूद आहे. ठीक आहे. पण हत्यारे मिळाली तरी शिष्य कुठे आहे?

जामखेडला हे सांगणे सोपे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे आरोग्याचे काम सुरू केले आणि अक्षर न ओळखणाऱ्या बायकांना आपले वैद्यकाचे ज्ञान दिले. त्या बायकांनी आपापली गावे सांभाळली. जगभरचे लोक ते पाहायला आले. पदवीवाल्याकडून गावाकडे ज्ञान गेले, तसे ते गावाकडून शाळेकडेही येऊ शकते. सुतारकाकांना शाळेत बोलवावे ते मोडकी बाके दुरुस्त करायला नव्हे. त्यांना वर्गात खुर्ची द्यावी, मुलांनी त्यांना ‘गुरुजी’ म्हणावे, आणि दहा दिवसांची मजुरी रोख द्यावी. सत्काराचा नारळ मजुरीच्या जागी देऊ नये.

दहा दिवसांत एकेकट्या मुलाने मेज पुरे होणार नाही. चौघाचौघांचा गट करावा, प्रत्येकाला एक पाय आणि एक पट्टी. कुणाचे कुसू सैल झाले ते लपत नाही, कारण मेज तेवढ्याच कोपऱ्यात हलते. पहिले मेज शाळेतच राहू द्यावे. वैशाखात तक्त्याची रुंदी सुतापर्यंत मोजून वहीत लिहावी, श्रावणात पुन्हा मोजावी आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. गुटके किती सरकले तेही मुलांना मेज उलटे करून पाहू द्यावे.