शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात एका कृषि अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेततळ्याचे पाणी हिरवेगार झाले आणि एके दिवशी सकाळी पाहावे तर मासे उलटे तरंगताहेत, अशी तक्रार पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना पुष्कळ गावांतून येते. याचे कारण काय आणि उपाय काय, हे आज सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती ऐकली म्हणजे पुढचे सगळे ध्यानात राहील.

२०१९ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. सांगोला तालुक्यात एका डाळिंब बागायतदाराचे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असे प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे होते. बागेच्या उन्हाळी पाण्यासाठी तळे केलेले, आणि पाणी आहेच तर जोडीला मासे, म्हणून आदल्या वर्षी त्यांनी ४५० बोटुकली सोडली होती. कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सिप्रिनस. मासे किलो-किलोचे झाले होते. ते विकून ठिबकच्या जुन्या नळ्या बदलायच्या, असे घरात ठरले होते.

मी बांधावर गेलो तेव्हा पाणी गर्द हिरवे दिसत होते. त्यांची तक्रार माशांची नव्हतीच. ते म्हणाले, "साहेब, शेवाळानं ठिबकचा फिल्टर दिवसातून तीनदा तुंबतोय. तेल्यासाठी आणलेला मोरचूद घरात आहे. टाकू का थोडा?" मोरचुदाने शेवाळ मरते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. मी म्हटले, "टाका अण्णा, थोडा टाका." वर आभाळ भरून आले होते, तिकडे मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन आला. मी पोचलो तेव्हा घरची माणसे मेलेले मासे टोपल्यांत भरत होती. मोठे कटले जवळजवळ सगळे गेले होते. साठ-सत्तर मासे वाचले, त्यात लहान मासे आणि सिप्रिनसच जास्त. अण्णा मला रागाने काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, शेवाळ मात्र गेलं बरं का." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मग झाले काय?

पाण्यातले हिरवेपण म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक शेवाळाची दाट पेरणीच असते. दिवसा उन्हात हे शेवाळ इतर पिकांसारखे वाढते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. पण रात्री तेच शेवाळ श्वासासाठी प्राणवायू ओढून घेते. म्हणजे हा दिवसा देणारा आणि रात्री वसूल करणारा सावकार आहे. मासेही रात्रभर श्वास घेतात, तळाचा गाळही कुजताना प्राणवायू खातो. सूर्य उगवण्याच्या जरा आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी राहतो. म्हणून मासे पहाटे मरतात.

मुळात पाण्यात प्राणवायू असतोच किती? एक लिटर हवेत तो सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. एक लिटर कोमट पाण्यात, म्हणजे ३० अंश उष्णतेच्या पाण्यात, जेमतेम सात-साडेसात मिलिग्रॅम मावतो. आपल्या कटला-रोहूला नीट वाढायला लिटरमागे ५ मिलिग्रॅम लागतो. तो ३ च्या खाली गेला की मासे त्रासतात, आणि १ च्या खाली गेला की मरू लागतात. एवढ्या थोड्या शिलकीवर माशांचा संसार चाललेला असतो.

आता आभाळ दोन-तीन दिवस भरलेले राहिले तर दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च मात्र तोच राहतो. त्यात आम्ही मोरचूद टाकला. शेवाळ मेले, म्हणजे कमावणारेच मेले. शिवाय मेलेले शेवाळ कुजू लागले आणि उरलासुरला प्राणवायूही गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे ते झाले. शेवाळ हा रोग नव्हे. पाण्यात खत जास्त झाल्याची ती खूण आहे. खत आत येत राहिले तर शेवाळ आज मारले तरी पंधरा दिवसांत पुन्हा येणार.

हे खत येते कोठून? न खाल्लेल्या खाद्यातून, माशांच्या विष्ठेतून, जास्त टाकलेल्या शेणातून, आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर शेतातून वाहून येणाऱ्या युरिया-सुपर फॉस्फेटमधून.

मासे मेले तर आधी काय पाहावे?

घाईने औषध आणायला धावू नका. बांधावर उभे राहून चार गोष्टी पाहा.

१. वेळ कोणती? मासे पहाटे तोंड वर काढून हवा गिळत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर प्राणवायूची तूट आहे असे समजा. दिवसाढवळ्या, कोणत्याही वेळी मरत असतील तर कारण बहुधा दुसरे आहे.

२. कोणते मासे मेले? प्राणवायू कमी पडला की मोठे मासे आधी जातात. लहान-मोठे सगळे एकदम मेले, बेडूक आणि पाण्यातले किडेही मेले, तर कीटकनाशकाचा संशय घ्या. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माशांना फार विषारी असतात. फवारणीचा पंप शेततळ्यात धुतला तरी नुकसान होते.

३. अंगावर काही आहे का? लाल डाग, जखमा किंवा चिकटलेल्या उवा दिसल्या तर तो रोग आहे. त्यावर उपाय वेगळा आहे, तो मत्स्य अधिकाऱ्याला विचारूनच करा.

४. आदल्या दिवशी काय घडले? खोल तळ्यात वरचे पाणी तापलेले आणि तळाचे थंड असते. एकाएकी जोराचा पाऊस किंवा गारपीट झाली की पाण्याची उलथापालथ होऊन तळाचे प्राणवायू नसलेले पाणी वर येते. अशा वेळी पाणी फारसे हिरवे नसले तरी मासे मरू शकतात.

मासे तोंड वर काढू लागले तर तातडीने काय करावे?

पहिले काम, खाद्य बंद. मासा गुदमरत असताना खाद्य टाकले तर तो खात नाही, ते कुजते.

दुसरे काम, पाण्यात हवा मिसळणे. हवा भरणारे यंत्र असेल तर लगेच चालू करा. नसेल तर मोटर किंवा डिझेल इंजिन लावून तळ्यातलेच पाणी उचला आणि उंचावरून, भोके पाडलेल्या पत्र्यावरून किंवा तुषारच्या नोझलमधून परत तळ्यात पाडा. पाणी जितके बारीक फुटेल तितकी हवा मिसळेल. फूटव्हॉल्व्ह पृष्ठभागाच्या हात-दीड हात खाली टांगा, तळाशी सोडू नका, नाहीतर गाळ ढवळला जाईल. एका कोपऱ्यात जरी पाणी सुधारले तरी मासे तेथे गोळा होतात आणि जगतात. ऊन चांगले वर येईपर्यंत मोटर थांबवू नका.

तिसरे काम, विहिरीचे ताजे पाणी सोडणे. बोअरचे खोल पाणी मात्र सरळ नळीने आत सोडू नका. त्यात प्राणवायू फार कमी असतो. ते दगडांवर आपटून, उडवून आत येऊ द्या.

चौथे काम, मेलेले मासे ताबडतोब काढून दूर खड्ड्यात पुरा. ते विकू नका, खाऊ नका, कुत्र्या-मांजरांनाही घालू नका.

एक विनंती हात जोडून करतो. मासे वाचवायला घाईने तळ्यात उतरू नका. प्लास्टिकचा कागद शेवाळाने गुळगुळीत होतो. चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर निघता येत नाही. तळ्याला कुंपण हवे, आणि गाठी मारलेले दोर व हवा भरलेली ट्यूब कायम हाताशी बांधलेली हवी. मासे पुन्हा सोडता येतील, माणूस परत येत नाही.

काय करू नये?

माशांच्या तळ्यात मोरचूद टाकू नका. पाणी गर्द हिरवे असताना कळीचा चुनाही टाकू नका. अशा पाण्याचा सामू दुपारी आधीच वाढलेला असतो. चुन्याने तो आणखी चढतो आणि माशांच्या विष्ठेतून आलेला अमोनिया जास्त विषारी होतो. तणनाशक तर मुळीच नको. हिरवे पाणी साफ व्हावे म्हणून काहीजण गवत्या मासा सोडतात. तो गवत खातो, हिरवे पाणी साफ करत नाही.

पुढे असे होऊ नये म्हणून

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. आधीची तयारी सोपी आहे आणि तिला खर्चही फारसा नाही.

रोज दुपारी हाताची परीक्षा घ्या. बांधावर बसून, दोराचा आधार धरून, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. त्या वेळी तळहात दिसेनासा झाला तर पाणी ठीक आहे. मनगटापर्यंत बुडवतानाच बोटे दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झाले. त्या दिवसापासून शेण बंद, खाद्य निम्मे. जमल्यास तळाकडचे चौथा हिस्सा पाणी उपसून बागेला द्या आणि तेवढे नवे भरा. हे खताचे पाणी बागेला चांगलेच असते. नुकताच लोंढा येऊन पाणी मातीने गढूळ झाले असेल तर मात्र ही परीक्षा फसते.

मासे बेताने सोडा. गुंठ्याला ५० बोटुकली, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात सुमारे ४५०. हवा भरायची सोय नसेल तर याहून जास्त सोडण्याचा मोह नको. मासे मोठे झाले की थोडे थोडे काढून विकत जा. सगळे एकाच दिवसासाठी राखून ठेवणे म्हणजे जोखीम वाढवणे.

खाद्य मोजून द्या. भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन, माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन ते तीन पुरे. अर्ध्या किलोचे ४०० मासे असतील तर एकूण वजन २०० किलो, म्हणजे दिवसाला ४ ते ६ किलो खाद्य. ते भोके पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. दोन-तीन तासांनी पोते उचलून पाहा, शिल्लक असेल तर उद्या तेवढे कमी. आभाळ असेल त्या दिवशी निम्मेच द्या किंवा देऊच नका.

तळ्याच्या कडेने चर काढा, म्हणजे शेतातला लोंढा आत येणार नाही. दोऱ्यांसारखे लोंबते शेवाळ आले तर ते काठावरून दाताळ्याने किंवा दोराने ओढून काढा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. प्लास्टिकला दात लागू देऊ नका. वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात निळसर हिरवी, रंगासारखी साय जमली तर ती बादलीने उपसा आणि ते पाणी गुरांना पाजू नका. काही जातींची अशी साय विषारी असते. ठिबकसाठी पाणी उचलताना ते वरची साय आणि तळचा गाळ टाळून मधल्या थरातून घ्या, म्हणजे फिल्टर कमी तुंबतो. उन्हाळ्यात पाणी आटले की तळाचा गाळ लाकडी फळीने जपून काढा आणि झाडांना घाला.

काही भगिनी घरातल्या काचेच्या पेटीतल्या माशांबद्दलही विचारतात. मुलांनी हौसेने आणलेले मासे आठवड्यात मरतात आणि काच हिरवी होते. तेथेही हाच न्याय आहे. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका आणि दिवा दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त लावू नका. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाका. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, सगळे एकदम नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग वापरा. पेटी नवी असेल तर घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवा. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते चांगलेच आहे असे धरून चालू नका.

शंका असेल तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. जाताना स्वच्छ बाटली काठोकाठ भरून पाणी न्या, नुकताच मेलेला एखादा मासा बर्फात घालून न्या. मासे किती वाजता मेले आणि आभाळ कसे होते, हे लिहून न्या. अर्धे उत्तर त्या टिपणातच असते.

सांगोल्याच्या त्या अण्णांनी पुढच्या वर्षी पुन्हा बोटुकली सोडली, या वेळी ३००. आता आभाळ आले की ते आधी मोटरची तयारी करतात आणि मग मला फोन करतात. म्हणतात, "साहेब, आज पोतं टांगलं नाही." त्यांना अक्कल माझ्याकडून आली असे मी म्हणणार नाही. ती दोघांनाही त्या पहाटेच आली, आणि पैसे एकट्या त्यांचे गेले. तुमच्यावर तशी पाळी येऊ नये, म्हणून आज हे बोललो.

उद्या सकाळी जरा लवकर उठून तळ्यावर एक फेरी मारा. मासे वर आलेले दिसले तर काय करायचे, ते आता तुम्हाला माहीत आहे.