बर्फातल्या चाकोऱ्या

आमचं डोणगाव मेहकर तालुक्यातलं. इथे बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात रसवंतीवर, भुशात दडवलेला. अशा गावातल्या खेळाच्या शिक्षकानं स्कीइंगवर बोलावं, याची तुम्हाला गंमत वाटेल. मलाही वाटते.

२०२४च्या जानेवारीत दक्षिण कोरियात गँगवॉनला युवा हिवाळी ऑलिंपिक झालं. तिथली शर्यत मी मुलांना मोबाईलवर दाखवत होतो. आठवीतल्या एकानं विचारलं, ‘‘सर, मले जाता येईन का तिथं?’’ मी हसून म्हणालो, ‘‘आधी तालुक्याला तर निवडून ये!’’ पोराचा चेहरा उतरला. रात्री माझं मलाच लागून राहिलं, म्हणून नीट माहिती काढली.

स्लॅलममध्ये उतारावर लाल-निळ्या खांबांची दारं असतात. दोन्ही पाय दारातून गेलेच पाहिजेत. एक चुकलं की बाद. दोन फेऱ्यांची वेळ मिळवून निकाल लागतो, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून. पण मला अडकवलं ते सुटण्याच्या क्रमानं. आधीच्या शर्यतींत ज्यांची कामगिरी चांगली, ते पहिल्यांदा सुटतात, नवखे मागून. तोवर प्रत्येक खांबाभोवती बर्फात घळ पडलेली असते. पावसाळ्यात पांदणीतून बैलगाडी हाकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पुढची गाडी निघून जाते, मागचीचं चाक चाकोरीत फसतं. आपली मुलं तिथं बहुधा मागचीच.

शिवाय वय. इटलीत लहान मुलांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा टोपोलिनो, म्हणजे मिकी माऊसच्या नावानं भरायची. अमेरिकेच्या लिंडसे व्हॉननं ती १९९९मध्ये जिंकली, मिकेला शिफ्रिननं २०१०मध्ये. दोघीही पुढे ऑलिंपिक विजेत्या झाल्या. आमचं पोर ज्या वयात पहिला प्रश्न विचारतं, त्या वयात तिकडे निम्मा हिशेब झालेला असतो.

आपल्याकडेही जे पोचले, ते बहुतेक बर्फाच्या अंगणातले. मनालीजवळच्या बुरुव्याची आंचल ठाकूर २०१२मध्ये इन्सब्रुकच्या पहिल्या युवा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली. २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या शर्यतीत तिनं कांस्यपदक मिळवलं. काश्मीरच्या आरिफ खानच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, पोरगा चौथ्या वर्षीच स्कीवर उभा. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. कुणी हसेल. पण त्या दिवशी बर्फ पडत होता आणि कित्येक जण शेवटपर्यंत पोचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. ऑलिंपिक फार अवघड आहे, हेही सांगितलं. खोटी आशा दाखवायची नव्हती. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत स्कीचा प्राथमिक वर्ग असतो, वय भरलं की तिथं जाता येईल, एवढं मात्र खरं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे बर्फावर उभं तं राहता येईन.’’

परवा त्याचे वडील बाजारात भेटले. मनालीचं भाडं किती, विचारत होते. सोयाबीन निघालं की पाहू, म्हणाले.