दावण रिकामी करून काटकसर होत नाही

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आमच्याकडे आलेला विषय जरा घरगुती आहे. हात आखडलेल्या वर्षात घर कसे चालवायचे आणि दारातली मुकी जनावरे कशी जगवायची, हा तो विषय. घरगुती असला तरी हलका नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या गोठ्यातला एखादा खुंटा या तीन-चार वर्षांत रिकामा झाला, ते मनातल्या मनात मोजा. हात वर करायची गरज नाही.

शेतकऱ्याला काटकसर शिकवणारे पुष्कळ आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे ते सांगतात. अंथरूण दरवर्षी कोण कापून नेते, ते मात्र सांगत नाहीत. ज्या घरात एका लुगड्याची दोन वर्षे दंड घालून काढली जातात, चहात दूध नावापुरते पडते, त्या घराला उधळ्या म्हणणे हा अपमान आहे. तेव्हा कमी खा, कमी नेसा, असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. मोडत्या वर्षात कुठे हात आखडला तर पैसा वाचतो आणि कुठे आखडला तर दुप्पट जातो, एवढाच हिशेब मांडायचा आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. २०१२ सालचा पावसाळा जालना-बीड भागाला कोरडा गेला, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरी एक बैलजोडी होती. माघातच कडबा संपत आला. आम्ही शेतकी कॉलेजातून पदवी घेतलेले. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाच महिन्यांची वैरण विकत घ्यायची तर किती पैसे, जोडी विकली तर किती येतील, सगळे मांडले. कागदावर जोडी विकणेच फायद्याचे निघाले. वडील एवढेच म्हणाले, "मृगात काय करशील?" आम्ही म्हणालो, भाड्याने औत आणू. फाल्गुनात जोडी बाजारात नेली. त्या दिवशी बाजारात आमच्यासारखे शेकडो होते. सगळेच विकणारे. गिऱ्हाईक कोण? आला तो भाव घेतला.

२०१३ चा पाऊस वेळेवर आला. जूनमध्येच जमीन ओली झाली. गावात ज्यांच्या जोड्या शिल्लक होत्या ते आपली पेरणी सोडून आमच्याकडे कसे येतील? ट्रॅक्टर होता, पण काळ्या रानात चाक रुतत होते. वाफसा आला तेव्हा ट्रॅक्टरवाल्याकडे रांग. आमची सरकी बारा दिवस उशिरा पडली, मूग-उडीद तर घेताच आला नाही. पुढे कोळपणीला जोडी लागलीच. ती घेताना विकल्या भावाच्या दीडपट मोजावे लागले, आणि आली ती आमच्या रानाला न सरावलेली. आमच्या कागदावर वैरणीचा खर्च होता, पण उशिरा पेरणीचा तोटा नव्हता. वडिलांच्या एका प्रश्नात तो होता.

आता कोणी म्हणेल, बैलांचे दिवसच सरले. काही गावांत ते खरेही आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, पेरणीही होते. पण उभ्या कपाशीत डोलणी-कोळपणी करायची, तीन-चार एकरांच्या तुकड्यात वळायचे, तर लहान शेतकऱ्याला जोडी सुटत नाही. आणि शेणखताशिवाय आपली हलकी रानं किती वर्षे टिकतील?

वैरण एवढी तुटली का, तेही समजून घेऊ. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. धान्य वाढले, ताट बुटके झाले. पुस्तकात आम्ही ज्वारीचा उतारा धान्याच्या क्विंटलमध्ये मोजायला शिकलो. कडबा शेवटच्या रकान्यात असे. जनावराच्या बाजूने पाहिले तर तो पहिल्या रकान्यात हवा होता. पुढे ज्वारीला भाव मिळेना, म्हणून रानात कापूस आणि सोयाबीन आले. कापसाची पऱ्हाटी चुलीत जाते, जनावराच्या पोटात जात नाही. ज्याला परवडले नाही त्याने ज्वारी सोडली, त्यात त्याची चूक नाही. पण रब्बीत निदान दावणीपुरती मालदांडी पेरा. तिचा कडबा उंच आणि गोड. तो विकत घेण्यापेक्षा पिकवलेला स्वस्त.

आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, वैरण मोजा. घरात दाणे किती हे बाईला पायलीपर्यंत ठाऊक असते; गंजीत पेंढ्या किती हे आपल्याला ठाऊक नसते. साधारण साडेतीनशे-चारशे किलोच्या बैलाला दिवसाला ८ किलो सुकी वैरण धरा. दोन बैल आणि एक गाय म्हणजे २४ किलो. माघापासून नवे गवत वर येईपर्यंत १५० दिवस धरले तर ३६ क्विंटल झाले. दहा पेंढ्या वजन करा, सरासरी काढा, गंजीतल्या पेंढ्या मोजा. तूट असेल तर ती मार्गशीर्षात कळली पाहिजे. तेव्हा कडबा बाजारात असतो. चैत्रात कळली तर तोवर भाव चढलेला असतो.

दुसरी, कडबा अख्खा टाकू नका. अख्ख्या पेंढीतला चौथा हिस्सा तरी पायाखाली जातो. कुट्टी केली तर तो वाचतो. यंत्र एकट्याला परवडत नसेल तर पाच घरांनी मिळून घ्या. वापराची वही ठेवा, म्हणजे भांडण होत नाही.

तिसरी, निकृष्ट वैरण सुधारता येते. गव्हाचे काड किंवा जुन्या कडब्याची कुट्टी १०० किलो घ्या. ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. थर पसरायचा, पाणी शिंपडायचे, तुडवायचे, असे थरावर थर. वरून प्लास्टिक झाकून हवा बंद करा आणि २१ दिवस हात लावू नका. मग लागेल तेवढी काढून, थोडा वेळ वाऱ्यावर पसरून, आधी थोडी-थोडी खाऊ घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ही देऊ नका. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागले तर ते मरते. बादली, पोते उघडे टाकू नका.

चौथी, फुकटच्या चाऱ्याने जनावर गमावू नका. पावसाने ताण दिला की कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे यांत विष तयार होते. भुकेले जनावर त्यात शिरले की धाप लागते, थरथरते, पडते. फुलोऱ्याच्या आत हिरवी ज्वारी चारू नका. तरी लागलेच तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरला बोलवा. यावर इंजेक्शन आहे, पण वेळ थोडा असतो. फवारलेल्या कपाशीत गुरे सोडू नका. सरकीची ढेप मोठ्या जनावराला चांगली, लहान वासराला नाही. तिच्यातला गॉसिपॉल वासराला सोसत नाही.

पाचवी, लस चुकवू नका. घटसर्प, फऱ्या पावसाळ्याच्या आधी. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. २०२२ साली लम्पी आला तेव्हा कमकुवत जनावरांचे किती हाल झाले ते पाहिलेच आहे.

आता कुत्र्या-मांजराचे. मोडत्या वर्षात पहिली भाकरी कुत्र्याची बंद होते. रात्री जागलीला जाणाऱ्यालाच विचारा, रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला हे आधी कोणाला कळते? मांजर कणगीतले किती दाणे वाचवते, हे घरच्या बाईला विचारा. त्याला चतकोर भाकरी, वाटीभर ताक, उन्हाळ्यात सावलीला पाण्याचे टोपले, एवढेच लागते. पण एक खर्च टाळू नका. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याची लस, आणि पुढे दर वर्षी. पिसाळण्याची लक्षणे दिसल्यावर माणसाला वा जनावराला औषध नाही. चावलेच तर जखमेवर चुना-तिखट लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, आणि सगळी इंजेक्शने पुरी करा. गाय-बैलाला चावला तर त्यालाही लस आहे. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात, काही अडकले असेल म्हणून, हात घालू नका.

हे झाले आपल्या हातातले. पण सगळे आपल्यावर घेतले तर सरकार सुटते, म्हणून उरलेलेही बोलतो.

आपल्या राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ साली तीत बैल आणि वळूही आले. पूर्वी थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घेता येत असे. ती भर आता पूर्ण किमतीएवढी झाली आहे. बैल कापावा असे आम्ही म्हणत नाही. बारा वर्षे जू वाहिलेल्या बैलाला निरोप देताना शेतकऱ्याच्या घरात चूल पेटत नाही, हे आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच की ज्यांनी माया दाखवणारा कायदा केला, त्यांनी वैरणीचा अर्धा भार तरी उचलावा. सगळी माया शेतकऱ्याच्याच खिशातून का?

दुष्काळात छावणी उघडतात. पण छावणी गावापासून लांब असली की घरातला एक माणूस गुरांबरोबर तिथेच अडकतो. बहुतेक वेळा म्हातारा, नाहीतर शाळेतले पोर. म्हणून आपली मागणी आहे की चारा दावणीला द्या, आणि माघात द्या. जनावर विकून झाल्यावर चैत्रात उघडलेली छावणी काय कामाची?

शेवटचे एक काम तुमच्याकडे मागतो. कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना घरच्या बैलाच्या कामाचे मोल धरतो. तुमच्या वहीत ते आहे का? नाही. घरचा बैल, घरचा कडबा, घरची माणसे, म्हणून सगळे फुकट धरतो आणि उरलेल्याला नफा म्हणतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने वर्षाचा वैरणीचा, ढेपेचा, औषधाचा, सालीचा खर्च लिहून आणावा. मायबहिणींनी शेणगोठ्याचे तास लिहावेत. शंभर घरांच्या वह्या एकत्र आल्या की भावाची मागणी करताना आपले बोलणे नुसते गाऱ्हाणे राहणार नाही.

ज्या घरी यंदा जोडी विकायचा विचार चालू आहे, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. कोणाकडे वैरण आहे, कोणाकडे बैल आहे, दोघांनी सांभाळून दोघांची पेरणी कशी होईल, ते आजच बसून ठरवू. आमच्या वेळी असे कोणी बसवले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.