नांगराची मूठ आणि फळ्याशेजारचा पडदा

(अध्यापक-विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी एक अपेक्षा नोंदविली होती. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये. शिक्षकाला पुरेसा पगार मिळावा ही मागणीही त्यांनी त्याच निवेदनात केली होती, हे सहसा सांगितले जात नाही. आज भावी शिक्षकाच्या हाती प्रोजेक्टर, मोबाइल आणि संगणक दिले जात आहेत. अवजार बदलले, ते हाताळणाऱ्याची तयारी कशी व्हावी, हा प्रश्न मात्र तेव्हाचाच आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्याच्या आराखड्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनाला स्वतंत्र स्थान दिले. यातील 'चिकित्सक' हा शब्द मोलाचा आहे, आणि व्यवहारात तोच प्रथम गळतो. सराव पाठाच्या आदल्या रात्री विद्यार्थिनी पाठ्यपुस्तकातील परिच्छेद पडद्यावर उतरविते, चार रंगीत चित्रे डकविते, आणि निरीक्षक टाचणाशेजारी 'साधनांचा वापर उत्तम' असा शेरा मारतात. मुले पडद्याकडे पाहतात, शिक्षिकाही पडद्याकडेच पाहते. मुलांना काय उमगले, याची नोंद करण्यास त्या तक्त्यात रकाना नसतो. जो परिच्छेद पुस्तकात वाचता येत होता तो भिंतीवर वाचला गेला, एवढेच काय ते घडते.

वस्तुतः शिकावयाचे आहे ते असे की पडदा केव्हा लावावा आणि केव्हा लावू नये. हृदयाच्या झडपा कशा उघडमीट करतात, ज्वालामुखी कसा फुटतो, समुद्राचा तळ कसा असतो, हे वर्गात आणता येत नाही. तेथे चित्रफीत अमोल आहे. परंतु बीजांकुरण दाखविण्यासाठी चित्रफीत लावणे म्हणजे घरात विहीर असता पाणी विकत आणणे होय. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी दोन दिवसांत ते काम करते, आणि मोड मुलांच्या बोटांना लागतात. अपूर्णांकासाठी तर भाकरी पुरे. हा विवेक बटणे दाबण्याच्या सरावातून येत नाही. विषय, मूल आणि साधन या तिघांची ओळख असावी लागते, आणि अशी ओळख करून देणे हेच प्रशिक्षणाचे काम आहे.

या देशाने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर पूर्वीच करून पाहिला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळी शाळेसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. देशात तेव्हा आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. वरून बोलणारा आणि खालून न ऐकणारा असा आवाज सत्तेला का आवडतो, हे त्यावेळी वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. तथापि त्या योजनेत एक भाग खरोखर शिकण्यासारखा होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये हजारो प्राथमिक शिक्षकांना बारा दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षण देण्यात आले, आणि त्यात पडद्याच्या जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते, स्वतःच्या हातांनी करावयाचे प्रयोग होते, एकत्र बसून चर्चा होती. पडदा हा त्या कामातील एक मदतनीस होता. पुढे वर्ष संपले आणि उपग्रह त्याच्या मालकाने परत नेला. अनेक गावांतील संच मुके झाले. उसनवारीचे अवजार कितीही उत्तम असले तरी ते केव्हा काढून घेतले जाईल, हे वापरणाऱ्याच्या हाती नसते. आज मुलांची हजेरी, गुण आणि चुका ज्या खाजगी ॲपमध्ये साठविल्या जातात, त्यांच्याबाबतीतही हाच प्रश्न आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली. भावी शिक्षकाला हा कायदा प्रोजेक्टरची जोडणी शिकविताना शिकविला पाहिजे.

आता अर्थशास्त्राचा भाग. साधन विकत घेणे हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, आणि त्याची फीत कापता येते. वीजबिल, दिवा बदलणे, दुरुस्ती हा आवर्ती खर्च. त्याची फीत कोणी कापीत नाही. महाराष्ट्रात २०१५ नंतर कित्येक गावांनी लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' केल्या. मजुरी करणाऱ्यांनीही त्यात पैसे टाकले, याचा अभिमान वाटावा. परंतु वीजबिल थकून जोडणी तुटली की त्याच वर्गणीचा पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा राहतो. सरकारच्याच यू-डायस प्लस अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. उरलेल्या शाळांत नेमणूक होणाऱ्या शिक्षिकेला महाविद्यालयात काय शिकविले होते, हे तिला पहिल्याच दिवशी आठवेल.

आणखी एक अडथळा कागदावरचा आहे. १९८७ च्या खडू-फळा योजनेतून शाळांना जे साहित्य मिळाले, त्यातील बरेच कपाटात कुलुपबंद राहिले. कारण साधे होते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली वस्तू फुटली तर भरपाई मुख्याध्यापकाच्या पगारातून होईल ही धास्ती. न वापरल्याबद्दल मात्र कोणी जाब विचारीत नाही. ज्या व्यवस्थेत वापराला दंड आणि गंजण्याला माफी असते, तेथे शहाणा मुख्याध्यापक कुलूपच लावणार. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

उलट उदाहरणही जवळचेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. पण मुलांना पुस्तकाची भाषा समजत नाही हे त्यांनी ओळखले, स्वतः कन्नड शिकून पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली, हा भाग वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मागे पडला. कोडच्या मागे काय ठेवावयाचे, हे ठाऊक असलेल्या शिक्षकाने ते साधन घडविले होते. कोड छापणे सोपे. मुलाची भाषा शिकण्यास वेळ लागतो, आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या, पुढच्या वर्षी काम राहील की नाही हे ठाऊक नसलेल्या शिक्षिकेकडे तो वेळ नसतो.

कार्यकर्त्यांसाठी काम हाताशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या पुढच्या बैठकीत आपल्या गावच्या पालकांनी डेडस्टॉक रजिस्टर आणि गेल्या वर्षभराची वीजबिले मागावीत, कपाट उघडण्यास सांगावे, आणि सराव पाठासाठी येणाऱ्या अध्यापक-विद्यार्थ्यांना त्या कपाटातील साहित्य वापरू द्यावे असा ठराव लिहून घ्यावा. वापरताना फुटलेल्या वस्तूची भरपाई शिक्षकाकडून होणार नाही, हे त्याच ठरावात नमूद करावे व त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.